निकुंभ सर येणार नाहीत

'तारे जमीन पर'मधला एक प्रसंग सहसा कुणाला आठवत नाही. ईशानचे वडील बोर्डिंग शाळेत येतात आणि निकुंभ सरांना सांगतात, की माझी बायको इंटरनेटवर डिस्लेक्सियाबद्दल वाचते आहे, हे तुमच्या कानावर घालावं असं वाटलं. सर विचारतात, माझ्या कानावर का? वडील म्हणतात, आम्हाला मुलाची काळजी नाही असा तुमचा समज होऊ नये म्हणून. मग काळजी म्हणजे काय यावर सर त्यांना शांतपणे सुनावतात, सॉलोमन बेटांवरच्या झाडांची गोष्ट सांगतात, आणि वडील ओल्या डोळ्यांनी निघून जातात. थिएटरमध्ये आपण सगळे सरांच्या बाजूने असतो.

आता हाच प्रसंग आईच्या बाजूने बघा. मुंबईतल्या घरात रात्री सगळं आवरल्यावर ती कंप्युटरसमोर बसली असेल. 2007 सालचं इंटरनेट. काय वाचलं तिने? कुठला शब्द तिला कळला नाही? मुंबईत असं शिकवणारं कुणी आहे का, हे तिने शोधलं का? एखाद्या शाळेला फोन केला का? सिनेमाला यातलं काहीच विचारावंसं वाटत नाही. तिची मेहनत आपल्यापर्यंत पोचते ती नवऱ्याच्या तोंडून, तीही बचावाचा पुरावा म्हणून, आणि दोन वाक्यांत निकालात निघते.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. 'वेगळ्या' मुलांवरचे आपले सिनेमे मुलावर प्रेम करतात, शिक्षकाची पूजा करतात आणि पालकाला रडायला किंवा सुधारायला ठेवतात. शाळा शोधणारा, चुकीच्या दारांवर टकटक करणारा, कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणारा पालक त्यांच्यात जवळपास नाहीच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डिस्लेक्सिया आणि ऑटिझम या वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्लेक्सियात अडचण मुख्यतः वाचन-लेखनाची. ऑटिझममध्ये संवाद, इतरांशी देवाणघेवाण, आवाज-उजेड-स्पर्श यांचा अनुभव, तोच तोच क्रम लागणं, असं बरंच काही येतं, आणि दोन मुलं एकसारखी नसतात. पण मराठी मध्यमवर्गीय घरात ऑटिझमचं निदान आलं की पहिला संदर्भ निघतो तो याच सिनेमाचा. माझ्या आतेबहिणीच्या मुलाचं निदान झालं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तारे जमीन पर'ची क्लिप आली आणि एका काकांचा प्रश्न आला, 'त्याला कशात गती आहे? चित्रं काढतो का?' काकांचा हेतू चांगलाच होता. पण मुलगा तेव्हा पाणी हवं असलं तरी सांगू शकत नव्हता. सिनेमाने काकांना शिकवलं होतं, की अशा मुलाच्या आत एक खजिना असतो आणि योग्य माणूस आला की तो उघडतो.

हा खजिन्याचा साचा. त्याच्या शेवटी एक स्पर्धा असते आणि मूल ती जिंकतं. निकुंभ सर खरोखर शिकवतात तो भाग आठवा: वाळूत अक्षरं गिरवणं, पायऱ्यांवर चढ-उतार करत गणित. हे सगळं विशेष शिक्षणात खरंच वापरलं जातं, आणि ते पडद्यावर आणल्याबद्दल सिनेमाला दाद द्यायलाच हवी. पण ते काही मिनिटांच्या मोंताजमध्ये संपतं आणि चित्रकलेची स्पर्धा मात्र निवांत चालते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे डेमो आणि मेंटेनन्स यांत फरक करतात. डेमोला टाळ्या पडतात. मेंटेनन्स म्हणजे रात्री दोन वाजता वाजणारा फोन, तो कुणी शूट करत नाही. विशेष शिक्षण जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या प्रकारात मोडतं, आणि आपले सिनेमे जवळजवळ पूर्णपणे पहिल्या.

दुसरा साचा आडोशाचा. 'बर्फी'मधली (2012) झिलमिल ऑटिस्टिक आहे. तिच्या श्रीमंत आईवडिलांना तिची लाज वाटते आणि तिच्या वाट्याच्या पैशांत रस असतो. तिला आपलं वाटणारं ठिकाण म्हणजे 'मुस्कान' ही संस्था. दिग्दर्शकाने ती फार मायेने रंगवली आहे. पण तिथे झिलमिल काय शिकली, कपडे घालायला, पैसे मोजायला, रस्ता ओलांडायला तिला कुणी किती वर्षं शिकवलं, हे विचारायची सोय नाही. विशेष शाळा इथे माहेरासारखी आहे. तिथे परत जायचं, तिथे काही घडायची गरज नाही. आणि पालक खलनायक असल्यामुळे त्यांना काही निवडण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरा साचा औषधाचा, आणि तो वापरणारा 'अपना आसमान' फारसा कुणी पाहिलेला नाही. योगायोग असा, की तो 'तारे जमीन पर'च्याच वर्षी, 2007 मध्ये आला. इरफान आणि शोभना हे ऑटिस्टिक मुलाचे आईवडील. मेंदू तल्लख करणाऱ्या औषधाचा दावा करणारा डॉक्टर भेटतो, औषध दिलं जातं, मुलगा गणिती होतो आणि आईबापांना दुरावतो. सिनेमा म्हणून तो ठिकठिकाणी भाबडा आहे. तरी मी त्याला बाकीच्यांपेक्षा एका बाबतीत वर ठेवतो: इथे पालक निर्णय घेतात आणि त्या निर्णयाची किंमत मोजतात. आणि त्यातली भीती काल्पनिक नाही. आजही 'ऑटिझम बरा करतो' म्हणणाऱ्यांच्या जाहिराती या पालकांच्या फोनवर येत असतात. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 साली जाहीर करावं लागलं. इरफानचा तो बाप मला म्हणूनच खरा वाटतो. त्याला आपला मुलगा आहे तसा पुरत नाही, आणि या न पुरण्याचा बाजार मोठा आहे.

मराठीत 'यलो' (2014) आहे. डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावरचा, आणि तिने स्वतः त्यात काम केलेला. हाही ऑटिझमवरचा सिनेमा नाही. पण मृणाल कुलकर्णीने केलेली आई इथे खरी हालचाल करते. नवरा मुलीला स्वीकारत नाही, तेव्हा मुलीला घेऊन घर सोडते आणि नव्याने सगळं उभं करते. पहिला अर्धा भाग त्यामुळे घट्ट आहे. मग पोहणं सापडतं, प्रशिक्षक येतात आणि गाडी पुन्हा पदकाच्या दिशेने वळते. गौरीची पदकं खरी आहेत, त्यामुळे सिनेमाला दोष देता येत नाही. पण पोहता न येणाऱ्या मुलीच्या आईने हा सिनेमा बघून घरी काय न्यावं?

'सितारे जमीन पर' (2025) या सगळ्यांच्या पुढे गेला आहे, हे मान्य करायला हवं. 2018 सालच्या 'कॅम्पिओनेस' या स्पॅनिश सिनेमाचा हा रिमेक. बास्केटबॉल खेळणाऱ्या दहा जणांच्या भूमिका न्यूरोडायव्हर्जंट कलाकारांनीच केल्या आहेत. इथे सुधारायचं आहे ते प्रशिक्षकाला. आणि ही माणसं मोठी आहेत, काम करतात, स्वतःचं मत ठेवतात. ऑटिस्टिक माणूस म्हणजे कायम लहान मूल, ही समजूत इथे मोडते. पण ही माणसं इथवर कशी पोचली? कुणाच्या आईने किती शाळा बघितल्या, कुणाला कुठल्या इयत्तेत काढून टाकलं, बसने एकट्याने जायला कुणी शिकवलं? सिनेमा सुरू होतो तेव्हा ते सगळं काम आधीच झालेलं आहे. आपल्याला तयार संघ मिळतो.

ते काम कसं दिसतं, याची थोडी कल्पना मला आहे. आतेबहीण शाळा बघत होती तेव्हा 'तुला कंप्युटर येतो' म्हणून तक्ता बनवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यात चारच रकाने होते: नाव, फी, अंतर, प्रवेश देतात का. तीन महिन्यांत ते एकोणीस झाले. एका शिक्षिकेमागे किती मुलं. दिवसाचा क्रम चित्रांनी लावलेला असतो का. मूल घाबरून ओरडलं तर नेमकं काय करतात. शू लागल्याचं सांगता न येणाऱ्या मुलाला कोण नेतं. पालकाला वर्गात बसू देतात का. आज काय झालं हे संध्याकाळी कळतं का. एका नावाजलेल्या शाळेत तिला सांगितलं, 'आम्ही घेतो अशी मुलं, पण शॅडो टीचर तुमची तुम्ही आणायची, आणि बाकीच्या पालकांची तक्रार आली तर बघू.' दुसरीकडे सगळं चकाचक होतं आणि 'सहा महिन्यांत बोलायला लागेल' अशी हमी होती. हमी ऐकून आम्ही तो रकाना लाल केला.

कागदावर कायदा तिच्या बाजूने आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत ऑटिझमचं नावही नव्हतं. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आलं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकार मानले आणि लक्षणीय प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या निवडीने. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांसाठी प्रमाण सांगितलं: प्राथमिक स्तरावर अशा 10 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांत 15 मागे एक. कायद्यातला 'निवड' हा शब्द मला फार नाट्यमय वाटतो. सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा? पहिल्यात इतर मुलांची संगत मिळते आणि मूल मागच्या बाकावर हरवूही शकतं. दुसऱ्यात जाणती शिक्षिका मिळते आणि जग लहान होऊ शकतं. दोन्ही बाजूंना काहीतरी बरोबर आहे. पटकथाकाराला याहून काय हवं असतं? तरी या प्रश्नावर उभा राहिलेला एकही लोकप्रिय हिंदी किंवा मराठी सिनेमा मला आठवत नाही.

पुस्तक मात्र आठवतं, आणि ते 1967 सालचं आहे. 'द सीज', म्हणजे वेढा. लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहणारी, इंग्रजी शिकवणारी, चार मुलांची आई. चौथी मुलगी जेसी, पुस्तकातली एली, ऑटिस्टिक होती. हे पुस्तक कधी आलं हे लक्षात घेतलं तर त्याचं धाडस कळतं. लिओ कॅनर यांनी 11 मुलांवरचा निबंध 1943 मध्ये लिहिला आणि ऑटिझमला वैद्यकीय नाव मिळालं. पण नंतरची वीसेक वर्षं या मुलांचा दोष थंड, मायाहीन आयांवर टाकण्याची पद्धत होती. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, 1964 च्या पुस्तकात तिला जोरदार आव्हान दिलं. तरीही 1967 मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आईबापांवरच बोट ठेवत आलं आणि गाजलं. त्याच वर्षी त्या आयांपैकी एक स्वतः लिहिती झाली.

पार्कबाई आरोपाला उत्तर देत बसत नाहीत. त्या काय केलं ते सांगतात. एली हात असून वापरत नाही. काही हवं असलं की मोठ्या माणसाचा हात धरून तो वस्तूकडे नेते, जणू ते अवजार आहे. आई नळावर तिचा हात ठेवते, त्यावर आपला हात ठेवते आणि फिरवते. पुढे जोर थोडा कमी करते. मग आपला हात मनगटावर नेते, मग कोपरावर, मग खांद्यावर. एके दिवशी नळ एली फिरवते. पडद्यावर याला कुणी टाळ्या वाजवणार नाही. मला हे वाचताना श्वास रोखावा लागला, कारण तोवर मला कळलेलं होतं की त्या नळामागे किती दिवस गेले असतील.

पुस्तकात एक प्रकरण तज्ज्ञांवर आहे आणि एक हौशी माणसांवर. तज्ज्ञांनी तपासणी केली आणि आईवडिलांना थंडपणे, काही न सांगता घरी पाठवलं, याचा राग त्यात आहे. पण बाई तज्ज्ञांना मोडीत काढत नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये त्यांना आदराने वागवणारी माणसं भेटतात, त्यांच्याकडून त्या शिकतातही. त्यांचं म्हणणं एवढंच, की आईलाही काही माहीत असतं. चोवीस तास बघितलेलं मूल हीसुद्धा माहिती आहे. हा विचार पुढे शिक्षणपद्धतीतही आला. नॉर्थ कॅरोलायनामध्ये एरिक शॉपलर यांनी 1972 मध्ये उभ्या केलेल्या 'टीच' कार्यक्रमात पालक सहकारी मानले गेले. भारतातही 1991 साली दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली ती मेरी बरुआ यांनी, ज्या स्वतः ऑटिस्टिक मुलाच्या आई. शाळा सापडेना म्हणून शाळा काढावी लागली, अशा पालकांची गोष्ट अजून कुणी पडद्यावर नेलेली नाही.

पण 'द सीज' डोक्यावर घेऊन नाचण्याआधी दोन गोष्टी. पहिली वर्गाची. नवरा कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, स्वतः शिकलेली, परदेशात वर्ष काढण्याची सोय. दोन लोकल बदलून कामावर जाणाऱ्या आईने नळावरचा तो हात कधी ठेवायचा? पुस्तकाकडे याचं उत्तर नाही. दुसरी गोष्ट शीर्षकातच आहे. वेढा कुणाला घालतात? शत्रूच्या किल्ल्याला. बेटलहाइमचा किल्ला रिकामा होता, पार्कबाईंच्या किल्ल्यात मूल होतं, हा फरक मोठा आहे, पण किल्ला दोघांनीही धरला. 1993 मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने 'डोन्ट मोर्न फॉर अस' हा छोटा लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा: तुम्ही शोक करता तो तुमच्या मनातल्या, कधी न जन्मलेल्या मुलासाठी. समोर आहे ते मूल जिवंत आहे आणि तुमची वाट बघतं आहे. हा लेख वाचून परत 'द सीज' उघडलं की काही पानं टोचतात. बाईंनी 2001 मध्ये जेसीवर दुसरं पुस्तक लिहिलं, 'एक्झिटिंग निर्वाणा'. त्यात मोठी झालेली जेसी कॉलेजच्या टपालखोलीत नोकरी करते आणि झगझगीत रंगांत इमारती रंगवते. चित्रं म्हटल्यावर आमचे काका खूष होतील. पण वाचताना लक्षात येतं, की बाईंना चित्रांइतकाच अभिमान त्या टपालखोलीचा आहे.

आपल्या भाषेतही एक किल्ला बसला आहे. ऑटिझमला मराठीत रूढ झालेला शब्द 'स्वमग्नता'. मूळ ग्रीक शब्दात 'स्व' आहेच, भाषांतर चूक नाही. पण मराठीत 'मग्न' म्हटलं की समाधीचा वास येतो, आपल्याच तंद्रीत असणं येतं. माझा भाचा तंद्रीत नसतो. मिक्सर सुरू झाला की तो कान दाबून पळतो, म्हणजे जग त्याला आपल्यापेक्षा जास्तच ऐकू येत असावं. शब्द बदलला पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण समीक्षकाने निदान हे बघावं, की आपले सिनेमे या मुलांना शून्यात बघणारे का दाखवतात आणि त्यात या शब्दाचा वाटा किती.

मग चांगलं काहीच नाही का? आहे, आणि ते अनपेक्षित जागी आहे. 'माय नेम इज खान' (2010) हा करण जोहरचा सिनेमा बाकी सगळा अतिशयोक्तीचा कारखाना आहे. त्यातला नायक रिझवान ॲस्पर्गर असलेला. (2013 पासून अमेरिकी निदानसूचीने हे वेगळं नाव काढून ते ऑटिझममध्ये धरलं.) पण त्याच्या बोरिवलीतल्या लहानपणाचा भाग पुन्हा बघा. बाहेर दंगल झाली आहे, मुलाने बाहेर ऐकलेली द्वेषाची वाक्यं जशीच्या तशी तो घरात म्हणतो आहे. झरीना वहाबने केलेली आई भाषण देत नाही. ती कागद घेते, काड्यांची माणसं काढते. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात लॉलीपॉप. यातला हिंदू कोण, मुसलमान कोण, ओळख. ओळखता येत नाही. मग ती सांगते, की माणसं दोनच प्रकारची, चांगलं वागणारी आणि वाईट वागणारी.

हा प्रसंग सगळ्यांना धर्मनिरपेक्षतेसाठी आठवतो. मला तो विशेष शिक्षणाचा धडा म्हणून दिसतो. अमूर्त गोष्ट चित्रात आणली, शब्द कमी वापरले, एका वेळी एकच मुद्दा घेतला. कुठलीही चांगली विशेष शिक्षिका हेच करते. ही आई मुलाच्या शिकवणीसाठी वाडिया सरांनाही शोधून काढते. आणि या सगळ्याची किंमतही सिनेमा दाखवतो: धाकटा झाकीर दारात उभा राहून बघत असतो, आईचा सगळा वेळ भावाकडे जाताना. तो राग मोठेपणीही जात नाही. बहीण-भावंडांचा हा हिशोब इतर कुठल्या सिनेमाने मांडला आहे?

जेमतेम काही मिनिटांचा भाग आहे. मग नायक मोठा होतो, अमेरिकेला जातो आणि आई मागे पडते. मला बघायचा आहे तो सिनेमा त्या काही मिनिटांचा आहे, दोन तास ताणलेला. त्यात मूल स्पर्धा जिंकत नाही. वर्षभरात ते पाणी मागायला शिकतं, शब्दाने नाही तर चित्राचं कार्ड हातात देऊन. आई चार शाळा नाकारते, पाचवी निवडते, आणि ती बरोबर आहे की नाही हे सिनेमा संपला तरी तिला माहीत नसतं. असा सिनेमा कंटाळवाणा होईल असं ज्यांना वाटतं त्यांना मी तो एकोणीस रकान्यांचा तक्ता पाठवायला तयार आहे. त्यात संघर्ष आहे, खलनायक आहेत, पैशांची चणचण आहे, आणि शेवटच्या ओळीत एका शिक्षिकेबद्दल आतेबहिणीने स्वतः लिहिलेली नोंद आहे: 'त्याच्याशी बोलताना खाली बसली.'